तीस लाईट आणि मधले बारा दिवस

तापीकाठची | १४ मे, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त पाककृती वाचायला येते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. वडील, म्हणजे आमचे आप्पा, वय सदुसष्ट. चाळीस वर्षं गालात तंबाखू-चुना. जानेवारीत गालाच्या आत न भरणारा फोड आला, तो कॅन्सर निघाला, फेब्रुवारीत नाशिकला ऑपरेशन झालं. टाके भरल्यावर तीस लाईट, म्हणजे रेडिएशन, सांगितल्या. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे.

ऑपरेशनच्या दिवशी गावाहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. कोणी नारळपाणी आणलं, कोणी अंगारा. लाईट सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकड्यावर मी आणि आप्पा दोघंच. ऑपरेशनला लोक येतात, कारण ते एका दिवसात होतं. लाईट म्हणजे डेअरीला दूध घालायला जावं तसं रोजचं. मशीनवर दहा मिनिटं. बाकीचे तेवीस तास पन्नास मिनिटं कुठे काढायचे, हे कोणी सांगत नाही.

सतरा झाल्या. २९ एप्रिल मंगळवार होता आणि दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आप्पा म्हणाले, "आंडेरी येतीन, झोका कोन बांधी?" (लेकी येतील, झोका कोण बांधणार?) मी हो म्हटलं. माझीच चूक. गुरुवारी एक मे, मशीनला सुटी. शुक्रवारी एका दिवसासाठी कुठे जवळपास दोनशे किलोमीटर जायचं? सोमवारी भावकीत हळद. तोवर तोंड आतून पांढरं पडलेलं, खापरावरच्या पुरणपोळीचा रसात भिजवलेला घाससुद्धा गिळवेना. आप्पांनी अंथरूण धरलं आणि म्हणाले, गाठ तर काढली ना, आता जित्तं मांस कशाला जाळायचं.

शेवटी बारा मेला घेऊन आले. डॉक्टरबाईंनी फाइल उघडली, बोटावर तारखा मोजल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "आता शनिवारीसुद्धा या," एवढंच म्हणाल्या.

माझा प्रश्न: या बारा दिवसांनी नेमकं काय बिघडलं? आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरी लाईट झाल्या, त्यांनी हे दिवस कसे काढले? राहणं, जेवण, शेत, गुरं, सगळं सांगा.

---

भुसावळ_जंक्शन | १५ मे, सकाळी ६.०५

ताई, आखाजीचं मनाला लावून घेऊ नका. आमची आईसुद्धा लाईट चालू असताना दिवाळीला घरी आली होती आणि भाऊबीज करूनच परत लाईटला गेली.

एक कामाचं सांगतो, मी रेल्वेतलाच. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना-येताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला पंचाहत्तर टक्के. हॉस्पिटलकडून ठरावीक नमुन्यातला दाखला भरून घ्यायचा आणि तिकीट खिडकीवरून काढायचं. कित्येक जण सहा आठवडे पूर्ण पैसे भरून जातात, कारण दाखला मागायचं कोणी सांगितलेलंच नसतं. अमळनेरहून गाडीने जळगावला यायचं, तिथून नाशिकरोड. एसटीपेक्षा वेळ जास्त जाईल, पण आडवं पडून जाता येतं. मानेवर लाईट चालू असताना धुळे-मालेगाव रस्त्यावर एसटीत उभं राहून बघा, म्हणजे कळेल.

---

किरणवाला | १५ मे, दुपारी २.४०

मी लाईटच्या मशीनवरच काम करतो, टेक्नॉलॉजिस्ट म्हणून. मूळचा चोपड्याचा. कुठे नोकरीला आहे ते सांगत नाही. डॉक्टर नाही, त्यामुळे आप्पांबद्दल त्यांच्या डॉक्टरच बोलतील. एकूण प्रकार काय असतो तेवढं सांगतो.

डोस एकदम देता येत नाही, रोज थोडा द्यावा लागतो, कारण आजूबाजूच्या चांगल्या पेशींना रात्रीतून सावरायला वेळ हवा. कॅन्सरची पेशी सावरण्यात कच्ची असते, त्या फरकावर सगळा खेळ आहे. पण दोन-चार आठवडे मार खाल्ल्यावर उरलेल्या पेशी चवताळतात आणि जास्त वेगाने वाढायला लागतात. ताईंचा खंड नेमका चौथ्या आठवड्यात पडलाय. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबला, तर दर दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने उतरते, असं आम्हाला शिकवलंय. हा हिशोब पुष्कळ पेशंटांचा मिळून आहे. तुमच्या एका माणसाला तसाच्या तसा लावून रात्र-रात्र जागू नका.

शनिवारी बोलावलं याचा अर्थ डॉक्टर गेलेला वेळ भरून काढतायत. आठवड्यात पाचाऐवजी सहा. काही ठिकाणी एका दिवसात दोन देतात, मध्ये किमान सहा तास ठेवून. सगळं भरून येत नाही, पण बरंच येतं. सोडून देण्यात आणि उशिरा का होईना पूर्ण करण्यात फार अंतर आहे.

आणखी एक. तोंड सोलवटून निघतं ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे माणूस पळतो तो नेमका तेव्हाच. माझ्या बघण्यात अर्धवट सोडणारे बहुतेक पंधरा ते वीसच्या दरम्यान सोडतात. पहिल्याच दिवशी घरच्यांना हे बजावून ठेवायला हवं. आमच्याकडे गर्दी एवढी असते की तेच राहून जातं, हे कबूल करतो.

---

कापूसकोंड्या | १५ मे, सायं. ७.१५

प्रश्न साधा आहे, दोनशे किलोमीटर जायचंच का? २०११ च्या जनगणनेत जळगाव ४२ लाख, धुळे साडेवीस लाख, नंदुरबार साडेसोळा लाख. झाले एकोणऐंशी लाख, आता त्याहून जास्तच. दहा लाख लोकांमागे निदान एक मशीन असावं, असा जुना दंडक आहे म्हणतात. मग खान्देशात आठ हवीत. तिन्ही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. पुढाऱ्यांना सिटी स्कॅनची फीत कापता येते, मग ही का नाही? एक मशीन घ्या आणि ठेवा सिव्हिलच्या आवारात. केळीच्या विम्याला आंदोलन होतं, याला का होत नाही?

---

किरणवाला | १५ मे, रात्री १०.३०

कापूसकोंड्या भाऊ, तळमळ खरी आहे, पण हे मशीन काही फ्रिज नाही, पिन खोचली की चालू व्हायला.

आधी खोली. काँक्रीटच्या भिंती, किरणांचा थेट मारा पडतो तिथे दोन मीटरहूनही जाड. जागा, नकाशा, बसवणं, चालवणं, प्रत्येक पायरीला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी. मग माणसं: रेडिएशनचा डॉक्टर, मेडिकल फिजिसिस्ट, आमच्यासारखे टेक्नॉलॉजिस्ट, सुरक्षा अधिकारी. फिजिसिस्ट नसेल तर मशीन असून नसल्यासारखं, कारण कुठून किती किरण सोडायचे ते गणित तोच करतो. आणि तो मुंबई-पुणे सोडून जिल्ह्याच्या गावी टिकत नाही. मीही टिकलो नाहीच की.

मशीनं दोन जातीची. कोबाल्ट आणि लिनॅक. कोबाल्टमध्ये किरणोत्सारी गोळी असते, तिला बंद करायचं बटण नाही, फक्त झाकता येते. सव्वापाच वर्षांत तिची ताकद निम्मी होते. मग तेवढ्याच डोसला पेशंट दुप्पट वेळ झोपवून ठेवावा लागतो, बाहेर रांग वाढते, आणि नवी गोळी आणायला पुन्हा पैसे आणि परवाने. पण यंत्र साधं आणि दणकट. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने याच जातीचं भाभाट्रॉन बनवलं, आपल्याकडच्या विजेचे नखरे लक्षात घेऊन, आणि ते परदेशातही गेलं. लिनॅकमध्ये गोळी नसते, किरण विजेवर तयार होतात, नेम जास्त बारीक. पण त्याला थंड पाणी लागतं, स्थिर वीज लागते, एखादा सुटा भाग बिघडला की इंजिनिअर येईपर्यंत चाळीस-पन्नास पेशंट बाहेर बसून. 'लाईट गेली म्हणून लाईट मिळाली नाही' हा विनोद पेशंटच आम्हाला ऐकवतात.

म्हणून मी तालुक्या-तालुक्याला मशीन मागणार नाही. जिल्ह्याला एक मागेन, पण माणसांसकट. नुसत्या मशीनची फीत कापली तर त्याच्यावर धूळ बसते.

---

कापूसकोंड्या | १५ मे, रात्री १०.५२

धूळ काय, दहा वर्षं बसू द्या, पण भिंत तरी बांधा! बरं, २०२५-२६ च्या केंद्राच्या बजेटमध्ये प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅन्सर डे केअर सेंटर म्हटलंय त्याचं काय?

---

किरणवाला | १५ मे, रात्री ११.०१

चांगली गोष्ट आहे, पण डे केअर म्हणजे मुख्यतः केमो. सलाईन लावायचं, संध्याकाळी घरी. त्याला दोन मीटरची भिंत लागत नाही. कॅन्सरच्या साधारण निम्म्या पेशंटांना केव्हा ना केव्हा लाईट लागते, ते शहरातच जाणार.

---

सातपुडा_पायथा | १६ मे, पहाटे ५.३०

मी नंदुरबारच्या धडगाव भागात आरोग्य खात्यात नर्स आहे. तुम्ही सगळे दोनशे किलोमीटरबद्दल बोलताय. आमच्याकडे पाड्यावरून डांबरी रस्त्याला येईपर्यंतच अर्धा दिवस जातो.

आमच्या बायांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. अंगावरून पांढरं जातं, मग लाल जातं, वर्षभर कोणाला सांगत नाहीत. आमच्यापर्यंत येतात तेव्हा ऑपरेशनची वेळ टळलेली असते. पण ऐका, या रोगात पुढची पायरी असली तरी लाईटने बरं व्हायची चांगली आशा असते. हीच गोष्ट मला जास्त टोचते. बाहेरून पंचवीस, सोबत आठवड्याला एक केमो, आणि मग 'आतली लाईट' (किरणोत्सारी गोळी नळीतून थोडा वेळ शरीरात आत ठेवतात ती) तीन-चार वेळा. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत संपायला हवं. आतली लाईट नसेल तर बाहेरची अपुरी पडते. आणि बाया बाहेरची पूर्ण करून घरी येतात, कारण त्यांना वाटतं झालं. आतलीचं नाव काढलं की लाजेने मान खाली. नवऱ्याला समजावणार कोण? पावरी, म्हणजे आमच्याकडची बोली, बोलणारं हॉस्पिटलात कोणी नसतं.

नंदुरबारची माणसं रेल्वेने सुरतेला जातात, तेच जवळ पडतं. आयुष्मान कार्ड असेल तर दुसऱ्या राज्यातल्या नोंदणी असलेल्या दवाखान्यात चालतं, एवढं मी प्रत्येक घरात सांगते. पण कार्डाने लाईट फुकट होते, पोट फुकट भरत नाही. गेल्या वर्षी एक बाई नवव्या लाईटनंतर परत आली. विचारलं का, तर म्हणाली, बकऱ्या कोणाजवळ ठेवू? मी तिच्या बकऱ्या माझ्या मावशीकडे ठेवल्या. ती गेली. पूर्ण करून आली. खात्याच्या कुठल्याच फॉर्मात बकऱ्यांसाठी रकाना नाही.

---

अमृतवेल_उपचार | १६ मे, सकाळी ९.४०

लाईट म्हणजे शरीर भाजणे. आमच्या वैदूंकडे पाल्याचा रस आहे, २१ दिवसांत गाठ विरघळते, खाजगी मेसेज करा

---

धागा-पाटील (संपादक) | १६ मे, सकाळी ९.५५

वरच्या आयडीला कुलूप घातलं आहे. प्रतिसाद मुद्दाम ठेवतोय, असली माणसं बाकड्यापर्यंत कशी येतात ते दिसावं म्हणून. चर्चा चालू ठेवा.

---

पांझरेकर | १६ मे, दुपारी १२.१०

मोठ्या भावाने असल्याच माणसाच्या नादाने तेविसावर सोडली. बारा दिवसांचा खंड परवडला असता. आमचा खंड संपलाच नाही. पोळ्याला तो नव्हता.

ताई, तुमच्या आप्पांना उचलून आणावं लागलं तरी आणा.

---

गिरणाथडी | १६ मे, दुपारी ३.३५

पांझरेकर भाऊ, तुमची गोट वाचीसन हात थांबी गया.

आमचा अनुभव. बायकोला स्तनाचा कॅन्सर, चाळीसगावहून संभाजीनगरला गेलो. तिथलं सरकारी कॅन्सर हॉस्पिटल २०१२ पासून आहे, जळगाव-पाचोरा-जामनेरकडचे पुष्कळ भेटले. आमच्या शेजारणीला काही वर्षांपूर्वी पंचवीस दिल्या होत्या, म्हणून आम्ही पाच आठवड्यांची तयारी केलेली. डॉक्टर म्हणाले पंधरा. मला वाटलं, योजनेतले आहोत म्हणून हात आखडता घेतायत! भांडायला उठलो होतो. मग त्यांनी समजावलं की रोजचा डोस थोडा वाढवून तीन आठवड्यांत तेवढाच परिणाम मिळतो, हे मोठ्या अभ्यासांनी सिद्ध झालंय, आणि २०२० नंतर तर निवडक पेशंटांना एका आठवड्यात पाचच देतात.

सासऱ्यांचं वेगळं. हाडात पसरलेलं, बरं होणार नव्हतं, पण कंबर दुखून ओरडायचे. त्यांना एकच लाईट दिली. एक! आठवड्या-दोन आठवड्यांत झोपू लागले.

म्हणून म्हणतो, "कमी दिवसांत बसेल का?" हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. प्रत्येक रोगात जमत नाही, पण विचारल्याशिवाय कळत नाही.

---

किरणवाला | १६ मे, रात्री ९.१५

अगदी बरोबर. गालाच्या ऑपरेशननंतर मात्र अजून तीसच्या आसपासच. आप्पांना सूट नाही.

---

मेहरूणची_बोर | १७ मे, सकाळी ८.००

पैशाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. महात्मा फुले योजनेत लाईट बसते. २०२३ च्या निर्णयाने सगळ्याच रेशनकार्डवाल्यांना घेतलं आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाख केली. हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे आधी जायचं, बिल फाडायच्या आधी. नंतर गेलात तर काही होत नाही.

पण खरी गंमत पुढे. लाईट घेणारा पेशंट भरती नसतो. भरती नाही म्हणजे खाट नाही, जेवण नाही. आमचा उपचार शून्य रुपयांत झाला आणि खोलीभाडं, रिक्षा, गॅस, बुडालेली मजुरी धरून पासष्ट हजार गेले. एक म्हैस विकली. योजनेच्या कागदावर आम्ही 'मोफत'.

मुंबईला टाटाला जाणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. रांग असते, हॉस्पिटलच्या समाजसेवकांकडून पत्र घ्यावं लागतं. आमचे सासरे म्हणायचे, गाडगेबाबा शाळा शिकले नाहीत, पण पेशंटला औषधाआधी पथारी लागते हे त्यांना कळलं. नाशिक, संभाजीनगरला अशा जागा आणखी झाल्या पाहिजेत. आपल्याकडे एवढे समाज, एवढी मंगल कार्यालयं. चार खोल्या कोणाला जड आहेत?

---

तापीकाठची | १८ मे, रात्री १०.१०

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. पांझरेकर दादा, तुमचा प्रतिसाद आप्पांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. सकाळी माझ्याआधी आंघोळ करून बसले होते.

आता बारीकसारीक विचारते. आप्पांना कळण्याची भाकरी आणि ठेचा हवा, मी मुगाचं पाणी देते, ते ताट सरकवतात. गळ्याची कातडी काळी पडलीय. बाहेर रणरणतं ऊन, गावी तर त्याहून जास्त. आणि बहिणीच्या सासूने सांगितलं की अंगातून किरण निघतात, नातवाला जवळ देऊ नका. खरं का? आप्पा त्याच्यामुळे फार खचलेत.

---

किरणवाला | १८ मे, रात्री ११.२५

साफ खोटं. बाहेरून दिलेली लाईट मशीन थांबलं की संपली. बॅटरी बंद केल्यावर भिंतीत उजेड उरतो का? आजच्या आज नातू मांडीवर द्या.

कातडीला तेल, पावडर, साबण, हळद काही नाही, डॉक्टरांनी दिलेलं मलम तेवढं. बिनकॉलरचा सुती सदरा, उन्हात जाताना ओला नव्हे तर कोरडा मऊ पंचा. दाढी वस्तऱ्याने नाही. मशीनवर तोंड-मान हलू नये म्हणून जो साचा घालतात, त्याच्यावरच्या खुणा पुसायच्या नाहीत. तो जाळीचा साचा सैल झाला, म्हणजे वजन उतरलं, तर लगेच सांगा, नाहीतर नेम चुकतो. म्हणूनच खाणं महत्त्वाचं. तिखट बंद, पण फिकं द्यायची गरज नाही: दूध-तूप घालून मऊ खिचडी, अंडं, केळं कुस्करून, शेंगदाण्याचं कूट ताकात. कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून सात-आठ गुळण्या. गिळणं अगदीच थांबलं तर नाकातून नळी घालतात, तिला घाबरू नका. नळीवाले पेशंट उपचार पूर्ण करतात, उपाशी राहणारे मध्येच जातात.

आणि तंबाखू. अजून खिशात पुडी आहे का, ते एकदा बघा. गुटखाबंदी २०१२ ची आहे, आमच्या हॉस्पिटलसमोरची टपरी अजून चालू आहे.

---

तापीकाठची | १९ मे, सकाळी ७.३०

पुडी होती. उशीच्या अभ्र्यात.

---

सातपुडा_पायथा | २४ मे, रात्री ८.४५

तापीकाठची ताई, एक मदत हवी. पाड्यावरची एक बाई, वय बेचाळीस, दोन तारखेपासून नाशिकला लाईट सुरू करायची आहे. सोबत सून आणि तिचं तान्हं. सुरतेला भाषेमुळे जायला तयार नाही, तिचा भाऊ नाशिकला बांधकामावर आहे म्हणून तिकडे. पण भाऊ स्वतःच साइटवर पत्र्याखाली राहतो. स्वस्तातली खोली कुठे मिळेल?

---

तापीकाठची | २६ मे, दुपारी १.२०

आज तिसावी झाली. आप्पांनी साचा घरी मागून घेतला. म्हणतात, पपईवर घालीन, माकडं घाबरतील. तीन महिन्यांनी तपासणी आहे, तेव्हा काय ते कळेल.

नर्सताई, आमची हीच खोली घ्या. हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटं. घरमालकीणबाईंशी बोलले, जूनचं निम्मं भाडं आम्ही भरून ठेवतोय, आप्पांनीच सांगितलं. शेगडी, दोन गाद्या, बादली, गुळण्यांचा मोठा पेला आणि सोड्याची पुडी तिथेच आहे. टेबलफॅन तिसऱ्या खटक्यावरच चालतो, पहिले दोन फिरवून बसू नका. तान्ह्यासाठी झोळी बांधायला आढ्याला कडी आहे. दोरी आप्पा बांधून येतायत.